टाकीपलीकडचं मैदान

बेकरीत शिरताना उंच माणसाला वाकावं लागतं. दारापासून थेट भट्टीच्या खोलीपर्यंत छताला एक लांबलचक निळी पिशवी टांगलेली आहे. खाऊन सुस्तावलेल्या अजगरासारखी. तिच्याखाली बिस्किटांच्या बरण्या, पावाचे ट्रे आणि गिऱ्हाइकं. नवं गिऱ्हाईक विचारतं, हे काय आहे. काकू पाव कागदात गुंडाळता गुंडाळता सांगतात, "पडद्याची दांडी." एवढ्या मोठ्या पडद्यामागे काय असेल, असं कोणी विचारत नाही. पाव गरम आहे ना, मग झालं.

पहिले काही महिने मीही ती पडद्याची दांडीच समजत होते.

मी वरच्या मजल्यावर राहते. साहित्याची पदवी घेतली आहे, त्यामुळे हाताशी वेळ भरपूर. पहाटे खाली भट्टी पेटली की माझ्या खोलीतली अर्धी फरशी कोमट होते. थंडीत मी गादी त्या अर्ध्यावर ओढून घेते. अशाच एका सकाळी खाली गेले, तर काकू स्टुलावर उभ्या. पिशवीची चेन उघडून खांद्यापर्यंत हात आत घातलेला.

"काय शोधताय?"

"उंदीर. पंख कुरतडला तर नाही ना, बघतेय."

"कुणाचा पंख?"

"माझा," काकू म्हणाल्या आणि मला ट्रे धरायला सांगितला.

काकूंना पाहिलं तर पंख हा शब्द सुचणार नाही. बुटक्या, गोल, पन्नाशी उलटलेल्या. मनगटं पैलवानाची. भुवयांत कायम मैदा. कणकेचा गोळा ओट्यावर आपटतात तेव्हा वर माझ्या कपाटातले कप वाजतात. काका याच्या अगदी उलट. काडीसारखे, इस्त्रीच्या शर्टातले, गल्ल्यावर बसून सुटे पैसे देणारे. बल्ब बदलायचा झाला तर ते शेजारच्या चांभाराला बोलावतात. वर माझ्याकडे एकदाच आले होते, तेही भिंतीला हात लावत.

अशा माणसाची बायको डोंगरावरून उडी मारते.

उडी म्हटलेलं काकूंना आवडत नाही. उडी मारणारा पडतो, असं त्या म्हणतात. हँग ग्लायडर म्हणजे नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर ताणलेलं कापड. मोठा त्रिकोणी पंख. त्याच्या पोटाखाली झोळी. माणूस झोळीत पालथा लटकतो, समोरची दांडी धरतो आणि डोंगराच्या उतारावरून धावत सुटतो. धाव पुरेशी झाली की पाय जमिनीला लागेनासे होतात. मग वर चढणारी गरम हवा शोधायची, तिच्यात गोल गोल फिरत उंची मिळवायची आणि ती उंची खर्च करत पुढे जायचं. इंजिन नाही. एवढंच आहे, काकू म्हणतात. एवढंच आहे, हे त्या पाव कसा करायचा हे सांगतानाही म्हणतात.

हे सुरू झालं बनांमुळे. गावाबाहेरच्या टेकडीवर उडणाऱ्यांचा क्लब होता. तिथे सकाळी बन पोचवायचे असत. काकू बेकरीची गाडी घेऊन जात, करंड्या उतरवत आणि परत येत. मग परत यायला उशीर व्हायला लागला. काका समजले, रस्ता खराब असेल. एक दिवस काकू हनुवटी सोलून घरी आल्या. काका समजले, करंडी लागली असेल. पुढे कोपर सोललं, मग दोन्ही गुडघे. शेवटी काकांनी विचारलं की, हे बन एवढे मारकुटे कधीपासून झाले.

तेव्हा काकूंनी सांगितलं. चाळिशी उलटल्यावर, एका उस्तादाच्या हाताखाली, पंख पाठीवर घेऊन त्या वर्षभर टेकडीच्या पायथ्याशी नुसत्या धावत होत्या. उडाल्या नव्हत्या. उडायच्या आधी नवऱ्याला सांगावं, एवढी रीत त्यांनी पाळली.

काका तीन दिवस बोलले नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी गाडीच्या टपावर दोन आडव्या पट्ट्या बसवून घेतल्या. कुठेतरी उतरल्यावर पंख घेऊन बस कंडक्टरशी भांडण्यात अर्थ नाही, असं म्हणाले.

तेव्हापासून काका गाडी चालवतात. काकू वरून जातात, काका खालून. काकू जिथे उतरतील तिथे पोचायचं, पंख गुंडाळायचा, टपावर बांधायचा, मागच्या टोकाला लाल फडकं लावायचं. काका वर बघत नाहीत. वर बघितलं की त्यांना गरगरतं. म्हणून वर बघणारं माणूस गाडीत लागतं. ते काम मला मिळालं. हातात वायरलेस, मांडीवर नकाशा, मान खिडकीबाहेर. पदवीचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

आता त्या स्पर्धेविषयी.

आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा होती. दूरच्या, खऱ्याखुऱ्या डोंगरांत. आपल्या संघातल्या एकाच्या खांद्याचं हाड मोडलं, दुसऱ्याला नवी नोकरी लागली, आणि यादी खाली सरकत सरकत काकूंपाशी आली. संघाचा कप्तान बँकेत कामाला होता. उंच, कोरडा, मोजकं बोलणारा. तो स्वतः बेकरीत आला, पिशवीला डोकं आपटून घेतलं आणि म्हणाला, "मैदाकाकू, येताय का?" उडणाऱ्यांत काकूंना याच नावाने ओळखतात.

काकू लगेच हो म्हणाल्या नाहीत. कारण होतं गुडघा.

डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो उजेडासमोर धरून दाखवला होता. आतली गादी झिजली आहे, म्हणाले. चालायला हरकत नाही. पंख पाठीवर घेऊन उतारावर धावायला आहे. हा हंगाम फार तर, पुढे नाही. उतरताना गुडघ्यावर भार नको म्हणून काकूंनी दांडीला बेकरीच्या ट्रॉलीची दोन चाकं आधीच बसवली होती. त्यामुळे त्या पोटावर, चाकांवर, विमानासारख्या उतरत. बाकीचे हसत. पण निघताना धावावंच लागतं. त्याला चाक नाही.

काकांनी ताबडतोब फतवा काढला की आता पुरे. काकू म्हणाल्या, पुरेच. फक्त एकदा गोल.

शर्यत जिथे संपते त्या मैदानाला उडणारे गोल म्हणतात. रोज सकाळी डोंगरावर फळा लागतो. आज कुठून कुठे जायचं ते त्यावर लिहितात. ज्याला हवा सापडत राहते तो गोलपर्यंत पोचतो. ज्याला सापडत नाही तो वाटेत, मिळेल त्या शेतात उतरतो. इतक्या वर्षांत, इतक्या लहानमोठ्या स्पर्धांत, काकू एकदाही गोलला पोचल्या नव्हत्या. दर वेळी वाटेतच. कधी निम्म्यावर, कधी मैदान दिसत असताना.

"एकदा गोलला उतरते," काकू म्हणाल्या, "आणि मग पिशवी खाली काढते. शब्द देते."

"या स्पर्धेत नाही झालं तर?" काकांनी विचारलं.

"मग बघू."

"मग बघू नाही. झालं तरी पुरे, नाही झालं तरी पुरे."

"झालं तर पुरे," काकू म्हणाल्या. पुढचं वाक्य त्यांनी कणकेत दाबून टाकलं. मी ओट्याच्या दुसऱ्या बाजूला उभी होते. शब्द कशाबद्दल दिला गेला आणि कशाबद्दल नाही, ते मी नीट ऐकलं. काकांनी ऐकलं नाही. त्यांना वाटलं, बायकोने कबूल केलं.

बेकरी पुतण्याच्या ताब्यात देऊन आम्ही निघालो.

डोंगराच्या पायथ्याशी एका घरात वरच्या दोन खोल्या मिळाल्या. काकांनी खालची मागितली, ती नव्हती. माझ्या खोलीच्या खिडकीतून डोंगराचा माथा दिसायचा आणि माथ्यावरचा लाकडी फळ्यांचा उतार, जिथून सगळे धावत सुटत. खालून तो कुणी कपाटाचा खण अर्धवट उघडा ठेवावा तसा दिसायचा. गावात जगभरातले उडणारे जमले होते. सडपातळ, उन्हाने भाजलेले, गुळगुळीत पंखांचे. त्यांच्यात काकू चाकं लावलेला पंख घेऊन उभ्या राहिल्या की मलाच ओशाळल्यासारखं व्हायचं. काकूंना काही व्हायचं नाही. त्या पिशवीतून बन काढून वाटायच्या. दुसऱ्या दिवसापासून परदेशी संघ सकाळी आमच्या गाडीभोवती घुटमळू लागले.

काकू पहिल्या दिवशी बटाट्याच्या शेतात उतरल्या. दुसऱ्या दिवशी शाळेमागे. मग एका गोठ्याशेजारी, जिथे गायीने पंखाचं टोक चाटून ठेवलं. आम्ही पोचेपर्यंत काकूंनी पंख गुंडाळलेला असायचा आणि शेतवाल्याच्या बायकोशी गप्पा चाललेल्या असायच्या. एकमेकींची भाषा येत नसताना. गोल रोज राहून जायचं. काका रोज गाडीत म्हणायचे, प्रयत्न केलास ना, झालं. काकू खिडकीबाहेर बघायच्या.

असं करत शेवटचा दिवस आला. काकूंनी गोल गाठलं तर पंख कायमचा उतरणार होता. नाही गाठलं तरी उतरणार, असं काका धरून चालले होते. गोलची सर्वांत जास्त ओढ आता कुणाला आहे, हे मला कळेनासं झालं होतं.

त्या दिवशी एक गोष्ट घडली, जी बेकरीवाल्या माणसाच्याच हातून घडू शकते.

काकू जन्मभर पहाटे उठत आल्या आहेत. उजाडेपर्यंत त्यांचा अर्धा दिवस झालेला असतो. त्यामुळे बाकीचे डोंगरावर जांभया देत पोचले तेव्हा काकूंचा पंख उभारून तयार होता. फळा लागल्या लागल्या त्या सर्वांच्या आधी गेल्या आणि शर्यत दांडीवरच्या, वाट दाखवणाऱ्या आणि नोंदवणाऱ्या यंत्रात भरून घेतली. डोंगराच्या धारेवरून जायचं, खालच्या दरीतून पुढे, पाण्याच्या उंच टाकीला मागे टाकून टाकीपलीकडच्या मोठ्या मैदानात उतरायचं. लांबचा पल्ला होता.

मग हवा जागी व्हायची वाट बघत सगळे बसले. आणि भट्टी लवकर पेटवणारी माणसं जे या वेळेला करतात ते काकूंनी केलं. पंखाच्या सावलीत आडव्या झाल्या आणि गाढ झोपल्या.

त्या झोपेत असताना फळा पुसला गेला. दुपारनंतर वारा वाढेल आणि टाकीपलीकडे उतरणं कठीण जाईल, असं संयोजकांना वाटलं. त्यांनी शर्यत आखूड केली. नवं गोल टाकीच्या बरंच अलीकडे, शीतगृहाशेजारच्या मैदानात. कप्तान प्रत्येकाकडे जाऊन सांगून आला. काकूंपाशी आला, वाकून म्हणाला, "काकू, गोल बदललंय, फळा बघून घ्या." हेल्मेट हललं. कप्तानाला वाटलं, मान डोलावली. काकू घोरताना मान डोलवतात, हे त्याला कोण सांगणार.

जाग आली तोवर रांग लागली होती. काकू झोळीत शिरल्या. नेहमीप्रमाणे कप्तानाने पंखाचं नाक धरलं, काकू आडव्या लटकल्या, सगळे पट्टे अडकवलेत ना ते दोघांनी बघितलं. मग त्या फळ्यांच्या उतारावर उभ्या राहिल्या. मी बाजूला होते. त्यांनी उजवा पाय एकदा झटकला. आणि धावल्या. ते धावणं सुंदर नव्हतं. पोतं घेऊन बस पकडावी तसं होतं. पण उताराच्या टोकाला पाय सुटले आणि ती बुटकी, गोल बाई एकदम हवेची झाली. हे मी कितीदा तरी पाहिलं आहे. दर वेळी माझं तोंड उघडं राहतं.

आम्ही खाली उतरून शीतगृहाशेजारच्या मैदानाकडे निघालो. रस्ताभर वायरलेसवर उडणाऱ्यांच्या गप्पा. हवा चांगली होती. काकूंचा आवाजही मधूनमधून यायचा. काकू चक्क पुढच्या टोळक्यात होत्या. कप्तान म्हणाला, गोलकडे चला. काकू म्हणाल्या, चालले. दोघांचंही बरोबर होतं.

मैदानात गवतावर एक लांब पांढरी पट्टी अंथरली होती. ती गोलची रेषा. ती हवेतून ओलांडली तरी चालते, कितीही उंचीवरून. मात्र दोन टोकांच्या मधून जायला हवं. एकेक पंख येत होता, रेषेवरून सुळकन जात होता, मग वळून उतरत होता. लोक टाळ्या वाजवत होते. काका गाडीला टेकून बुटांकडे बघत उभे.

मग मला तो दिसला. जुनाट पिवळा पंख, खाली चाकं.

"काका, काकू आल्या."

काकांनी वर बघितलं. गाडीचा आरसा घट्ट धरून, पण बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याचं वर्णन मी करणार नाही. नीट जमणार नाही.

काकू खूप उंचावर होत्या. थेट रेषेवर येत नव्हत्या, उजव्या टोकाच्या किंचित बाहेरून चालल्या होत्या. मला वाटलं, वळतील. वळल्या नाहीत. मी वायरलेस तोंडाशी धरला आणि सांगितलं की काकू, गोल इथे आहे, डावीकडे खाली, पांढरी पट्टी. सकाळचं गोल रद्द झालंय. थोडंसंच डावीकडे या.

थोडा वेळ खरखर. मग काकूंचा आवाज. अगदी स्वच्छ.

"ऐकू येत नाही गं. आवाज फुटतोय."

मी पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच उत्तर आलं. तोवर पिवळा पंख रेषेचं टोक बाजूला ठेवून आमच्या डोक्यावरून पुढे गेला. मैदानातली सगळी डोकी त्याच्याबरोबर वळली. तो टाकीवरून गेला, लहान झाला आणि दिसेनासा झाला.

काका गाडीत बसले. "चल," म्हणाले. आवाज कोरडा होता. वारा वाढला होता, रस्त्याकडेची झाडं एका बाजूला झुकली होती.  टाकीपलीकडचं मैदान येईपर्यंत मी वायरलेसवर हाका मारत होते. उत्तर नव्हतं.

मैदान प्रचंड होतं आणि रिकामं. बरोबर मधोमध पिवळा पंख. त्याच्या शेजारी काकू गवतावर पाय पसरून बन खात होत्या.

"कुणीच कसं नाही?" त्यांनी विचारलं. "मी पहिली आले की काय?"

काका उतरले, जवळ गेले, बायकोचे दोन्ही हात, दोन्ही खांदे, हनुवटी तपासून घेतली. मग म्हणाले, "चल. गुणवाल्यांच्या तंबूत जायचंय."

गुण मोजायला एक मुलगी होती. केस वर बांधून त्यात पेन्सिल खोचलेली. समोर संगणक. तिला आमची भाषा येत नव्हती, म्हणून मधे मी. काकांनी मला सांगितलं की हिला सांग, माझी बायको रेषेवरून गेलेली मी या डोळ्यांनी बघितली आहे, गोल मोजून टाका. काकूंनी मला सांगितलं की हिला सांग, हे तिथे आरसा धरून उभे होते, यांना काही दिसलेलं नाही, गोल मोजू नका. मी दोन्ही सांगितलं. मुलीने विचारलं की बाई उडणाऱ्या आहेत ना. मी हो म्हटलं. गुण द्या म्हणून भांडणारे तिने पुष्कळ पाहिले होते. देऊ नका म्हणणारी पहिलीच होती. शेजारच्या टेबलावरचे दोघेजण काम टाकून ऐकायला आले.

मुलीने काकूंचं यंत्र जोडलं. पडद्यावर डोंगर आला, दरी आली, काकूंच्या वाटेची निळी रेघ आली. गोलची लाल रेषा. निळी रेघ लाल रेषेच्या टोकाबाहेरून गेली होती. अगदी थोडक्यात. नखभर.

काका पडद्याला नाक लावून बघत राहिले. लाल रेषा थोडी जाड धरली तर लागते, असं त्यांचं म्हणणं पडलं. मी सांगितलं. मुलगी म्हणाली, रेषेला जाडी नसते. काका म्हणाले, पाव कापायच्या सुरीलाही जाडी असते. मी तेही सांगितलं. मुलगी हसली, पण मान आडवी हलवली. गोल नाही.

काकूंनी मोठा श्वास सोडला. त्यांना लपवता आला नाही.

"झालं नाही," काकू म्हणाल्या. "म्हणजे मी शब्द मोडत नाहीये."

तेव्हा काकांना ओट्यावरचं ते वाक्य आठवलं असावं. ते बायकोकडे बघत राहिले, आणि मग तंबूबाहेर गेले. बाहेर कप्तान दोऱ्या गुंडाळत होता. तो काकूंवर वैतागला होता, कारण गोल मोजलं असतं तर संघ खालून दुसऱ्याऐवजी खालून तिसरा आला असता. काका त्याच्याशी बराच वेळ बोलत उभे राहिले. मला वाटलं, बायकोच्या वतीने माफी मागत असतील.

परतीच्या रस्त्याला काका गाडी हळू चालवत होते. काकू मधे, मी खिडकीपाशी. टपावर पंख. मग काकांनी विचारलं, रस्त्यावरची नजर न हलवता.

"ऐकू आलं होतं तुला?"

काकूंनी मांडीवरचे पावाचे कण एका बाजूला झाडले.

"आलं होतं."

"वळता आलं असतं?"

"आरामात. नुसती दांडी कलवायची होती."

"मग?"

"झोपेत गोल चुकलं, ते खरंच चुकलं. मला माहीतच नव्हतं. हिने सांगितलं तेव्हा पट्टी दिसली. बघितलं, तुम्ही पण दिसलात. म्हटलं, आता डावीकडे वळले की झालं. आणि हात हलेना. इतकी वर्षं ज्याच्यासाठी धावले ते खाली पडलेलं होतं, टॉवेल वाळत घातल्यासारखं. आणि मी वर होते, हवा चांगली होती. खाली यायला कारणच नव्हतं."

 गाडीने एक वळण घेतलं, मग दुसरं.

"मी तिथे तंबूत स्वतःचं हसं करून घेतलं."

"छान भांडलात पण. माझ्यासाठी इतकं कधी भांडला नव्हतात."

"तुझ्यासाठी नाही. तुझ्याविरुद्ध."

"तेच ते," काकू म्हणाल्या.

मी खिडकीबाहेर बघत राहिले. अशा वेळी खिडकी फार उपयोगी पडते.

"गुडघा कसा आहे?" काकांनी विचारलं.

"दुखतोय."

"खरं सांग."

"बराच दुखतोय. सकाळी धावताना आत काहीतरी सरकलं. पुढच्या वर्षी धावता येणार नाही मला. ते मला कळतं. मुद्दाम तुमच्यापुढे बोलत नव्हते."

हे काकू इतक्या सहज म्हणाल्या की अर्थ कळायला मला वेळ लागला. तंबूत जिंकलेलं भांडण त्यांनी दोन वाक्यांत परत देऊन टाकलं होतं. काकांनी आता हुश्श म्हणायला हवं होतं. ते म्हणाले नाहीत. त्यांनी घसा साफ केला.

"सपाटीवरूनही उडतात म्हणे. पंख चाकांच्या गाड्यावर ठेवतात, माणूस झोळीत आधीच आडवा असतो, आणि पुढून लहानसं विमान दोरीने ओढतं. वर नेऊन सोडून देतं. धावायचं काम नाही."

काकूंनी मान वळवली. "कुणी सांगितलं?"

"कप्तानाने."

"केव्हा?"

"तंबूत तू जिंकलीस, त्यानंतर."

मीही मान वळवली. काका कानापर्यंत लाल झाले होते आणि गाडी आणखी हळू झाली होती. एका सायकलवाल्याने आम्हाला मागे टाकलं.

"मला माहीत आहे ते," काकू म्हणाल्या. "पण तिथे डोंगर नसतो हो. नुसतं सपाट. दोरी सुटते, त्याच्या आधी सगळं विमान करतं. आपण नुसतं सामान."

"नसतो डोंगर. गुडघा पण नाहीये."

 मी वाट बघत होते की आता एखादं चुरचुरीत वाक्य येईल. आलं नाही. काकू समोरच्या काचेतून बघत होत्या आणि उजव्या हाताने गुडघा चोळत होत्या. कणीक मऊ झाली का बघतात तसा अंगठ्याने दाबून.

"बरं," शेवटी त्या म्हणाल्या. अगदी लहान आवाजात. मग, "जरा थांबवा."

काकांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. काकू मला ओलांडून, कण्हत, खाली उतरल्या आणि कठड्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. समोर आख्खा डोंगर होता. संध्याकाळच्या उन्हात धार पिवळी झाली होती. माथ्यावरचा फळ्यांचा उतार, खालची झाडी, मधले खडक, सगळं स्पष्ट. काका इंजिन चालू ठेवून बसले होते. थोड्या वेळाने त्यांनी खिडकीतून विचारलं, "किती वेळ बघणार?"

"पहिल्यांदाच बघतेय," काकू म्हणाल्या. "त्याच्यावर असताना दिसतच नाही तो."

काकांनी इंजिन बंद केलं.